मालकांच्या कानातली शिट्टी

मी हेडफोन बोलतोय. दौंडला रेल्वेलाइनजवळच्या एका छोट्या स्टुडिओत खिळ्याला टांगलेला असतो. डाव्या कानाची गादी फाटलीय, तिच्यावर प्राचीनं रुमालाचा तुकडा शिवलाय.

प्राची म्हणजे आमच्या मालकांची, महेंद्र यांची मुलगी. मालकांचं वय चौपन्न. भीमगीतं असोत, हळदीची असोत, गेली आठ वर्षं मला कानाला लावून ऐकल्याशिवाय त्यांनी एकही गाणं उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नाही. मला याचा कोण अभिमान होता!

परवा पार्वतीबाईंनी गायलेलं भीमगीत गाणी विकत घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीनं परत पाठवलं. गाण्यात बारीक शिट्टी आहे म्हणे, ती काढा, नाहीतर घेणार नाही. मालकांनी चारदा ऐकलं.

“काय शिट्टी न्हाई न् काय न्हाई. ह्यो हेडफोनच गेलेला दिसतोय. देऊ भंगारात.”

शिट्टी तर होती! मी ती चारही वेळा इमानदारीनं ऐकवली होती. पण सांगणार कसं?

तेवढ्यात प्राचीनं मला कानाला लावलं. “हेडफोन चांगला हाय, पप्पा. शिट्टी हाय की. सुई टोचल्यावानी.”

माझा जीव वाचला. पण मालकांचा चेहरा पाहिला आणि मी पुन्हा धास्तावलो. वय चढलं की असा बारीक आवाज आधी ऐकू येईनासा होतो. आवाजावर ज्याचं पोट, त्याचे कान गेले तर त्यानं काय करायचं?

मग शोध सुरू झाला. माइक चालू, मी प्राचीच्या कानाला, मालक बटणांपाशी. त्यांनी पंखा बंद केला.

“गेली?”

“न्हाई.”

ट्यूब, चार्जर, फ्रिज. दर वेळी “न्हाई”च. शेवटी राहिला तो जुना, मोठ्या पाठीचा टीव्ही. त्याला गच्चीवरचा कॅमेरा जोडलाय. दार लावलं की गाडी येताना दिसत नाही, म्हणून टीव्हीवर इंजिन दिसलं की मालक गाणाऱ्याला हातानं थांबवतात. गाडीचा आवाज गाण्यात शिरू नये म्हणून ठेवलेला राखणदारच तो, त्याच्यावर संशय कोण घेणार?

मालकांनी त्याचं बटण दाबलं.

“गेली!” प्राची ओरडली.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं.

“टीव्ही लावला की आसं वाजतंच की, पप्पा,” ती म्हणाली. “मला वाटलं, तुमालाबी येतंय आयकू.”

प्राचीनं कॉम्प्युटरवर शिट्टी छाटली, गाणं पुन्हा पाठवलं. मग मालकांच्या सांगण्यावरून जुनी, केव्हाच बाजारात गेलेली गाणी ऐकली. सगळ्यांत शिट्टी होती.

ती चहा ठेवायला गेली तेव्हा मालकांनी मला कानाला लावलं, माइक चालू केला. टीव्ही लावला, बंद केला, पुन्हा लावला. डोळे घट्ट मिटले. मी होता नव्हता तेवढा जीव काढून ती शिट्टी त्यांच्या कानात ओतली. त्यांच्या कपाळावरची आठीसुद्धा हलली नाही.

प्राची चहा घेऊन आली. त्यांनी मला उतरवून तिच्या डोक्यावर ठेवलं.

“आता गाणं पास तू करायचं, पोरी.”

तुम्ही म्हणाल, हेडफोन वाचला, मग आता कसली हळहळ? बाबांनो, तुमच्या घरातल्या माणसाला काही ऐकू येत नसेल, तर त्याला वेळेवर सांगा. मी आठ वर्षं मालकांच्या कानातच ओरडत होतो.