बर्फाची साय

मित्रांनो, ज्यात आता कुणी काही खात नाही, असे मी एक भांडे आहे. भूर्जाच्या लाकडाची जुनी काथवट. गोठ्यामागच्या खोपटात, मोडक्या खोगिराखाली मी पालथी पडून असते. लहान मुलांनी मला हात लावायचा नाही, अशी या घराची ताकीद आहे. ती ताकीद बरोबरच आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

नदीकाठच्या एका म्हाताऱ्या भूर्जाच्या बुंध्याला मोठी गाठ आली होती. तीच मी. येसिम नावाच्या सुताराने ती कापून घरी आणली, कारण त्याची मुलगी दामेतकेन लग्नाची झाली होती. भूर्जाची गाठ भारी हट्टी असते. तिच्यातल्या रेषा एका दिशेने जातच नाहीत. येसिमने वाकसाने मला पोखरले, पटाशीने आतून गुळगुळीत केले, मिठाच्या पाण्यात उकळले आणि मेंढीच्या चरबीत मुरत ठेवले. मग चुलीच्या धुरावर टांगले. लेकीची पाठवणी करताना त्याने मला तिच्या गाठोड्यावर सर्वांत वर बांधले.

सासरी मला पाहून दामेतकेनची सासू बातिमा चार बायकांसमोर म्हणाली, "सुनेच्या माहेरची माणसं मोठी दिलदार हो. वाटलं होतं उंट देतील, ओंडका दिला." बायका हसल्या. दामेतकेनने मान खाली घातली. पण संध्याकाळी त्याच ओंडक्यात बातिमाने स्वतः पीठ मळले, हात पुसला आणि मला फळीवर अगदी मधोमध ठेवले. त्यानंतर तिने मला कधी शेजारी उसने दिले नाही. बातिमाचे बोलणे असे होते आणि वागणे तसे होते.

पुढे युद्ध आले. दामेतकेनचा नवरा मुकाताय लढायला गेला. ती वर्षे मी बहुतेक रिकामीच होते. सासू आणि सून माझ्या काठाला चिकटलेले पीठसुद्धा खरवडून घेत आणि दामेतकेनच्या लहानग्या बेकेनला भरवत. मुकाताय परत आला तेव्हा एक पाय ओढत आला. रस्त्यात गाडी बदलताना कुठल्याशा शहरात त्याने आइस्क्रीम खाल्ले होते. त्या आइस्क्रीमचे वर्णन तो इतक्या वेळा करी, की शेवटी दामेतकेन म्हणाली, "तुम्ही लढायला गेला होतात की चाटायला?" पण त्याच हिवाळ्यात तिने ते घरी करून पाहिले.

ते कसे केले, ते सांगते. हिवाळ्यातला पहिला बर्फ घ्यायचा नाही, तो आभाळातली धूळ घेऊन उतरतो, असे बातिमाचे म्हणणे होते. नंतरचा घ्यायचा, तोही जनावर फिरकले नाही अशा टेकाडावरचा, फक्त वरचा भुसभुशीत थर. त्याआधी मला उंबऱ्याबाहेर ठेवून चांगले गारठवायचे, कारण चुलीजवळच्या भांड्यात बर्फ टाकला की त्याचे पाणीच होते. तापवलेल्या दुधावरची जाड साय आणि साखर माझ्यात फेटायची. मग बर्फ मुठीमुठीने घालायचा आणि लाकडी डावाने हलक्या हाताने कालवायचा. जास्त घोटले तर पातळ होते, कमी घोटले तर खडे दाताखाली येतात. झाले की लगेच खायचे.

मुकातायने पहिला घास घेऊन डोळे मिटले. "शहरातलं याहून पांढरं होतं," तो म्हणाला. पण मला बोटाने पुसून चाटले ते त्यानेच. घरात त्या पदार्थाला 'बर्फाची साय' हे नाव पडले.

युद्धानंतर काही वर्षांनी त्यांना मुलगी झाली. सगळ्यांत धाकटी म्हणून तिचे नाव केंजे. बेकेन दूरच्या शाळेत राहायला गेला होता, म्हणून घरातला सगळा लाड तिच्या वाट्याला आला. बर्फ पडला की केंजे मला दोन्ही हातांनी उचलून बाहेर नेई. मी जड होते. ती मला पोटाशी धरी आणि तिची हनुवटी माझ्या काठावर टेकलेली असे. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला याहून मोठा मान मिळाला नाही.

याच काळात माळाच्या पलीकडे सैन्याने मोठा भाग तारांनी बंद केला. कधीकधी क्षितिजावर उजेड फुटे, जमीन हले, फळीवरची भांडी एकमेकांवर आपटत. पहिल्यांदा लोक घाबरले. नंतर सवय झाली. मुकाताय म्हणे, "आपलेच सैनिक आहेत, आपल्याच रक्षणासाठी करतायत." तो स्वतः सैनिक होता. त्याला असेच वाटणे साहजिक होते.

एका हिवाळ्यात सैनिकांच्या गाड्या थेट वस्तीत आल्या. त्यांनी सर्वांना घराबाहेर काढले. दारेखिडक्या उघड्या ठेवा, चुली विझवा, टेकाडाआडच्या चरात पालथे पडा, वर पाहू नका, असे सांगितले. का, ते सांगितले नाही. मी घरातच राहिले. उजेड इतका होता की भिंतीतल्या भेगा मला एकेक करून दिसल्या. मग वारा आला. खिडकीच्या काचा चुलीपर्यंत उडाल्या आणि मी फळीवरून खाली पडले.

चरात केंजे आईच्या शेजारी लोकरीच्या जाड नमद्याखाली होती. लहान मुलाचे मन, तिने नमदा उचलून पाहिलेच. तिला काही इजा झाली नाही, पण तिने बोलणे टाकले. खाणेही टाकले. भाकरी समोर ठेवली की ती भिंतीकडे तोंड करून बसे. दामेतकेन तिला मांडीवर घेऊन सारखी हलवत राही.

दुसऱ्या दिवशी बर्फ पडला. शांत, दाट, मोठ्या पाकळ्यांचा. दामेतकेनने मला उचलले आणि उंबऱ्याबाहेर ठेवले. बातिमाच्या ते ध्यानात आले.

"आज नको, सूनबाई," ती म्हणाली. "काल त्या आभाळात काय गेलं, पाहिलंस ना?"

"आई, पोरीने कालपासून घास घेतला नाही. हे तरी खाईल." दामेतकेन थोडी थांबली. "मघाशी त्या गाडीवरच्या साहेबालाही विचारलं मी. तो म्हणाला, हिवाळा आहे, बर्फ पडणारच."

बातिमाने दुधावरची साय काढून दिली. साय घालण्यात आली, साखर घालण्यात आली, टेकाडावरचा बर्फ मुठीमुठीने माझ्यात पडला. मला तो नेहमीसारखाच वाटला. तेवढाच हलका, तेवढाच थंड. मित्रांनो, मी कितीदा आठवून पाहिले आहे. त्याला वेगळा वास नव्हता, वेगळी चव नव्हती.

केंजेने पहिल्यांदा डावाकडे नुसते पाहिले. मग एक घास घेतला. मग आणखी एक. ओठांना पांढरी मिशी लागली तशी ती हसली, आणि डाव बातिमापुढे धरून म्हणाली, "आजी, तू पण." बातिमाने क्षणभर नातीकडे पाहिले आणि तोंड उघडले. सगळ्यांनीच खाल्ले. दामेतकेनने सगळ्यांत कमी खाल्ले, कारण साय थोडी होती.

वसंतात मेंढ्यांची लोकर हाताला पुंजक्यांनी येऊ लागली. कित्येक कोकरे उभी राहिलीच नाहीत. पुढच्या हिवाळ्यात केंजेच्या अंगावर न पडता, न लागता निळे डाग दिसू लागले. तिच्या नाकातून रक्त येई आणि थांबता थांबत नसे. मला उचलायला आली, तर दोन पावलांत धाप लागून खाली बसे. बापाने तिला शहरातल्या दवाखान्यात नेले. तिथे डॉक्टरांनी पुष्कळदा रक्त काढून घेतले आणि जनावरांच्या दुधातून येणारा रोग आहे, असे सांगितले. न तापवलेले दूध, कच्ची साय देऊ नका, म्हणाले. मुकातायने मान डोलावली आणि मुलीला पाठीवर घेऊन तो घरी आला. माळ हिरवा होण्याआधी केंजे गेली.

दुखवट्याला वस्ती जमली होती. मुकाताय भिंतीशी बसला होता. दुःखाने माणूस आंधळा होतो, तसा तो झाला होता. सगळ्यांदेखत तो बायकोला म्हणाला, "डॉक्टर म्हणाले, दुधातून आलं. दूध तुझ्या हातचं होतं."

बायकांनी नजरा खाली घातल्या. तेव्हा बातिमा काठीवर रेलत उठली.

"मुकाताय, तुला वाढवलं त्याच चुलीवर ते दूध तापायचं. तापल्याशिवाय साय धरते का रे? ती साय मी काढलेली होती. दोष द्यायचाय ना, मग मला दे. इथेच, या सगळ्यांसमोर."

तोंडावर टोपी ओढून मुकाताय लहान मुलासारखा रडला. त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. पण दामेतकेनच्या मनात जे होते, ते वेगळेच होते. तिला दूध आठवत नव्हते. तिला टेकाडावरचा बर्फ आठवत होता, आणि सासूने 'आज नको' म्हटलेले आठवत होते.

एका सकाळी ती मला घेऊन लाकडे फोडायच्या ठोकळ्यापाशी गेली. कुऱ्हाड तिच्या हातात होती. पहिला घाव माझ्या काठावर बसला. मी फुटले नाही. तिने पुन्हा कुऱ्हाड उचलली, तेवढ्यात बातिमा येऊन ठोकळ्याशेजारी बर्फातच बसली.

"आई, तुम्ही मला सांगितलं होतंत," दामेतकेन म्हणाली. कित्येक आठवड्यांत ती एवढे शब्द बोलली नव्हती. "तुम्ही सांगितलं होतंत, आणि मी ऐकलं नाही. तुम्ही एकदाही तसं बोलून दाखवलं नाहीत. बोला ना. एकदा बोलून टाका."

"काय बोलू? मला तरी काय ठाऊक होतं? म्हाताऱ्या माणसाला सगळ्याचीच भीती वाटते, तशी वाटली. खात्री असती तर तुझ्या हातातून काथवट हिसकली असती. मी तर तोंड उघडून खाल्लं." बातिमाने माझ्या काठावरचा घाव बोटाने चाचपला. "सूनबाई, त्या दिवशी पोरगी हसली ती तुझ्या हातचं खाऊन. नंतर किती दिवस ती बोलत होती, खेळत होती. हवं तर जाळ ही. पण तेवढं हसू तरी मनातून जाळू नकोस."

दामेतकेन कुऱ्हाड टाकून तिच्या कुशीत शिरली. दोघी तशाच बसून राहिल्या. शेवटी थंडीने बातिमाचे पाय बधिर झाले आणि सुनेने तिला उचलून आत नेले.

बातिमाही फार जगली नाही. तिच्या गळ्यात काहीतरी वाढले आणि घास उतरेना. दामेतकेन तिला चमच्याने कोमट दूध पाजी. एखाद्या वेळी बातिमा हाताने नको म्हणे आणि नुसतेच सुनेचे मनगट धरून पडून राही. ती गेली आणि मी खोपटात आले. मुकातायने वर ते मोडके खोगीर टाकले. तोही पुढे दोन मेंढ्या राखत राखत म्हातारा होऊन गेला.

बऱ्याच वर्षांनी तारा निघाल्या, सैनिक गेले, आणि एक तरुण माणूस किरणोत्सर्ग मोजायचे यंत्र घेऊन घरोघर फिरू लागला. बेकेनची मुले त्याच्या मागेमागे होती. खोपटात त्याने यंत्र माझ्याजवळ धरले, तसे ते भराभर टकटकू लागले. ते खोपटातल्या मातीमुळे की माझ्यामुळे, हे त्यालाही नक्की सांगता आले नाही. यात काही खाऊ नका, मुलांना देऊ नका, एवढे त्याने सौम्यपणे सांगितले. दामेतकेन तेव्हा खूप म्हातारी झाली होती. तिने दाराला धरून एकच प्रश्न विचारला.

"बाळा, त्या दिवशीच्या बर्फात होतं का रे काही?"

त्याने यंत्र बंद केले. मग तो म्हणाला, "आजी, तेव्हा मोजणाऱ्यांनी मोजलं असणार. तुम्हाला सांगितलं नाही, एवढंच."

दामेतकेनने मान डोलावली आणि ती घरात गेली. त्या दिवशी तिने चूल पेटवली नाही.

मित्रांनो, जुनी भांडी तुम्हाला नेहमी विनवतात, की आम्हाला टाकू नका, घासूनपुसून वापरा. मी तसे विनवणार नाही. मला वापरू नका. मला खोल खड्ड्यात पुरलेत तरी चालेल. माझे मागणे दुसरेच आहे. आई मुलाच्या तोंडात घास घालते तेव्हा तो कशाचा आहे हे तिला कळलेच पाहिजे. आणि ज्याला ते ठाऊक आहे त्याने गप्प राहू नये. आणि तुमच्या वस्तीत, तुमच्या घरात, न केलेल्या अपराधाचा दोष स्वतःला लावत एखादी आई बसली असेल, तर तिला समजावायला जाऊ नका, तिचा न्यायही करू नका. बातिमासारखे जा आणि तिच्याशेजारी बर्फात बसा.