काटेवाल्यांनी पारखलेली बँक

काटेवाल्यांचं आयुष्य दुसऱ्यांचे तराजू दुरुस्त करण्यात गेलं. तराजू हातात आला की ते आधी माल इकडच्या पारड्यात आणि वजन तिकडच्या पारड्यात ठेवून काटा बघायचे. मग माल तिकडे, वजन इकडे. "एका बाजूनं खरा दिसतो तो तराजू खरा असेलच असं नाही," ते म्हणायचे. "पारडी बदला, म्हणजे पोटात काय आहे ते कळतं."

एवढा पारखी माणूस, पण स्वतःची पुंजी त्यांनी न पारखताच एका बँकेत टाकली होती. कारण काय, तर बँक घराजवळ होती आणि दारावरचा रखवालदार ओळख दाखवायचा.

गेल्या वर्षी बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि काटेवाले ठेव मोडायला गेले. पहिल्या दिवशी साहेब रजेवर. दुसऱ्या दिवशी सही जुळेना. तिसऱ्या दिवशी वारसाचा रकाना कोरा निघाला.

"अहो, पैसे मी मागतोय, वारस कशाला हवा? मी जिवंत आहे अजून!"

"त्याचाही दाखला लागेल," खिडकीतून उत्तर आलं.

अकराव्या दिवशी ठेव मोडली. तोवर ती तारीख दुसऱ्या कुणाच्या तरी गुडघ्याला गेली होती. तेव्हापासून काटेवालीणबाई घराचा जिना बसून, एकेक पायरी सरकत उतरत होत्या. आता नवी तारीख आली होती, तीन महिन्यांनंतरची.

"या वेळी चुकली," त्या म्हणाल्या, "तर मला खाली न्यायला चौघं लागतील. ध्यानात ठेवा."

हे वाक्य काटेवाल्यांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी जुन्या बँकेतून सगळी पुंजी काढली आणि नवी बँक शोधायला निघाले. रीत ठरलेली. प्रत्येक बँकेत थोडी रक्कम ठेव म्हणून टाकायची, ती टाकायला इस्त्रीचा सदरा घालून जायचं. आठ दिवसांनी तीच ठेव मोडायची, आणि मोडायला दुकानातल्या तेलकट कपड्यांत जायचं.

"बँक बघताय की सून?" बायकोनं विचारलं.

"सून एकदा आणली की परत पाठवायची नसते. पैसे परत आणायचे असतात. म्हणून जास्त बघतोय."

पहिली बँक काचेची होती. दार आपोआप उघडलं, कॉफी आपोआप आली. खुर्ची इतकी मऊ, की उठताना दोघांना हात धरून ओढावं लागलं. टाय लावलेला एक तरुण त्यांना इतक्यांदा 'सर' म्हणाला, की मागे कोणी साहेब उभा आहे का, हे काटेवाल्यांनी वळून पाहिलं. आठ दिवसांनी ते तेलकट सदऱ्यात गेले, तेव्हा तोच तरुण म्हणाला, "काका, टोकन घ्या. तिकडे उभे राहा."

"परवा मी सर होतो."

"परवा ठेवायला आला होता ना?" पोरगा निदान खरं बोलला. कॉफीचं यंत्रही त्या दिवशी नेमकं बिघडलं होतं. ठेव सुटायला नऊ दिवस लागले. मध्ये चार वेळा फोन आले, 'तुम्ही आमच्यासाठी मोलाचे आहात' म्हणून. "मग मोल किती ते ठरवा आणि तेवढं तरी देऊन टाका," काटेवाले म्हणाले. पलीकडे गाणं वाजत राहिलं.

दुसऱ्या बँकेत माणूसच नव्हता. एक यंत्र पैसे गिळायचं आणि परत हवे असतील तर एक दाबा, चार दाबा, नऊ दाबा म्हणायचं. नऊ दाबलं की पुन्हा एकवर आणून सोडायचं. "ही तर घाण्याला जुंपते," काटेवाले म्हणाले, आणि पंधरा दिवस खेटे घालून रक्कम सोडवून आणली.

तिसरी बँक चपलांच्या दुकानाशेजारी होती. पंखा कुरकुरत होता, बाकाच्या एका पायाखाली घडी केलेला कागद होता. खिडकीत एक बाई बसल्या होत्या, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. सगळे त्यांना मागून एरंडेलबाईच म्हणत.

"फॉर्म," बाई खेकसल्या.

"पेन मिळेल?"

"घरून आणायचं असतं. इथे सही. इथे नाही, इथे! डोळे आहेत ना?"

चार मिनिटांत ठेव झाली. आठ दिवसांनी काटेवाले तेलकट कपड्यांत हजर.

"मोडायची होती तर ठेवली कशाला? आम्हाला उद्योग नाहीत? फॉर्म. सही इथे. मोजून घ्या."

चार मिनिटं. काटेवाल्यांनी घड्याळ दोनदा पाहिलं. घरी येताना त्यांचे पाय जमिनीवर नव्हते. "सापडली! बाई ठेवतानाही खेकसते, देतानाही खेकसते. काटा केसभर हलत नाही!" दुसऱ्या दिवशी सगळी पुंजी त्यांनी तिथे नेऊन ठेवली.

पंधरा दिवसांनी बँकेच्या मुख्य कचेरीतून फोन आला. गोड आवाजात विचारणा झाली, "खिडकीवरच्या बाई तुमच्याशी हसून बोलल्या का? एक ते पाच गुण द्या."

काटेवाल्यांनी उभ्या जन्मात वजनात लबाडी केली नव्हती. हसणं तर बाईंना शिवलंही नव्हतं.

"एक," ते म्हणाले. आणखी काही विचारतील, म्हणजे कामाचं सांगता येईल, म्हणून थांबले. पण कामाचा प्रश्न त्या यादीतच नव्हता. फोन बंद झाला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी अडीच वाजता ते बँकेत पोचले. चारच्या आत दवाखान्यात ड्राफ्ट द्यायचा होता, नाहीतर तारीख पुढच्या पेशंटला. खिडकीत एक नवी मुलगी होती, आणि ती हसत होती. काटेवाल्यांनी घड्याळ पाहिलं.

"आजोबा, कसे आहात आज?"

"घाईत आहे. ठेव मोडून ड्राफ्ट हवाय."

"अरेरे, मोडायची? आमची नवी योजना ऐकली का?" योजना ऐकवण्यात वीस मिनिटं गेली. मग ती आणखी गोड हसली. "अर्ज वर पाठवते हं. पाच कामाचे दिवस."

"इथल्या त्या बाई कुठे गेल्या?"

शिपायानं बोट वर केलं. "माडीवर. हसायला शिकतायत. कुणा भल्या माणसानं त्यांना एक गुण दिला. तीन दिवसांचा वर्ग आहे."

काटेवाले जिना चढले. वर सहा कर्मचारी आरसे धरून बसले होते आणि प्रत्येकाच्या दातांत एक पेन्सिल आडवी धरलेली होती. एक शिक्षक टाळ्या वाजवत होता, "ओठ वर! गाल वर!" एरंडेलबाई पेन्सिल चावत लगाम घातलेल्या घोडीसारख्या बसल्या होत्या.

"बाई, तो एक गुण देणारा मीच," काटेवाले दारातूनच म्हणाले. "चुकलं माझं. उद्या बायकोचं ऑपरेशन आहे. चारच्या आत ड्राफ्ट हवा, आणि खालची पोरगी नुसती हसतेय."

"आजोबा, वर्ग चालू आहे," शिक्षक हसून म्हणाला.

कट्‌कन आवाज झाला. पेन्सिलीचे दोन तुकडे टेबलावर पडले. बाई उठल्या.

"पासबुक," त्या खेकसल्या, आणि तरातरा जिना उतरल्या. नव्या मुलीला खुर्चीवरून उठवलं. "हस तिकडे जाऊन. फॉर्म. सही इथे. इथे नाही, इथे! आणि काय हो, मी हसलेच नव्हते, तर एक तरी कशाला दिलात?"

"शून्य नव्हता. एकपासूनच होतं."

बाईंनी शिक्का असा हाणला की टेबल हललं. चार मिनिटांत ड्राफ्ट काटेवाल्यांच्या हातात आला. त्यांनी हात जोडले. "बाई, फार उपकार झाले."

"उपकार कसले? पैसे तुमचेच आहेत. चला, पुढचा!"

चारला दहा मिनिटं असताना ड्राफ्ट दवाखान्यात पोचला.

तीन आठवड्यांनी काटेवालीणबाई घरी पाय लांब करून बसल्या होत्या, तेव्हा पुन्हा तो गोड फोन आला. "प्रशिक्षणानंतर बाई हसून बोलल्या का? एक ते पाच?"

काटेवाल्यांनी फोन या कानावरून त्या कानावर घेतला.

"पाच," ते म्हणाले.

"अगदी पाच?"

"दात दिसले की हो. पेन्सिल मोडली तेव्हा."

फोन ठेवल्यावर बायको त्यांच्याकडे बघत राहिली. "खोटं बोललात?"

"आयुष्यात पहिल्यांदा पारड्याला बोट लावलं," काटेवाले ओशाळून म्हणाले.

"लावलंत ते बरं केलंत. आता तेच बोट इकडे द्या, आणि उठवा मला. जिना उभ्यानं उतरून बघायचाय."