कळंबची मेंढी

लेकीच्या, ओवीच्या नाकातल्या पेशींवर रंग चढला नाही, तेव्हा आपली भीती खरी ठरली असं मालतीला वाटलं. पण शेजारच्या काचेवरच्या विराजच्या पेशीही तशाच कोऱ्या! विराज तर ओवीचा ठणठणीत थोरला भाऊ. मग हे कसं?

मालती बारामतीत कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. ओवी जन्मतः बहिरी, आणि अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यापासून ती दिवेलागणीला ठेचकाळू लागली होती. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "बघू, थोडं थांबू." मालतीला धीर म्हणून कधी नव्हताच. कान आणि पुढं डोळेही नेणारा एक आनुवंशिक आजार असतो, त्यात एक प्रथिन पेशींत बनत नाही, आणि ते नाकाच्या अस्तरातही शोधता येतं, एवढं तिनं वाचून काढलं. पुण्याच्या मैत्रिणीकडून ते प्रथिन मिळवलं. ते मेंढीला टोचलं, की मेंढीच्या रक्तात त्याला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती वापरून पेशी रंगवल्या, की प्रथिन असेल तिथं तपकिरी रंग चढतो. नवरा रमाकांत जनावरांचा डॉक्टर, त्यामुळं कळंब गावच्या बिरदेव धनगराच्या कळपातली मेंढी सहज मिळाली. ओळखीसाठी मालतीनं तिच्या पाठीवर लाल पट्टा ओढला होता. पुढं तो पट्टा बघून रमाकांतनं रक्त काढून आणलं, आणि त्यावरच मालतीनं दोन्ही मुलांच्या काचा रंगवल्या होत्या.

कळंबला जाताना मोटारसायकलवर मालतीचं तोंड वाटभर चालू होतं. रक्त आणताना थर्मासमधला बर्फ वितळला असेल? की विराजलाही तोच आजार? रमाकांत वैतागून म्हणाला, "अगं, जरा दम धर की!"

कळंबला बिरदेवची बायको भागूबाई लगबगीनं पुढं आली. "बाई, रगत चांगलं निघालं न्हवं?"

"तेच बघायला आलेय. मेंढी तीच होती ना?"

"न्हाय वो! तिला सुयांच्या जागी गाठी आल्या, पाक वाळून गेली. लेकराच्या औषदाला रोगट मेंढराचं रगत कसं द्यायचं? लोकरीच्या कातरणीत पट्टाबी गेल्ता. मग कळपातली सगळ्यात चांगली बघून तिच्यावर मीच लाल वढला."

रमाकांतनं कपाळाला हात लावला. मालतीला आधी संताप आला आणि मग एकदम हसूच फुटलं. प्रतिपिंडंच नव्हती, तर काचा कोऱ्याच राहणार! ओवीचं काहीच ठरलं नव्हतं. तिनं भागूबाईचे हात घट्ट धरले.

"हे औषध नाही हो. आजार तोच आहे का, एवढंच कळेल."

"आन् मंग औषद कवा?"

मालतीनं तिचे हात सोडले आणि थर्मासचं झाकण उघडलं.

बिरदेवनं गाठीवाली मेंढी ओढून आणली, रमाकांतनं तिच्या मानेतून रक्त काढलं. परतताना मालती थर्मास पोटाशी धरून बसली होती. बारामती जवळ आली तशी ती म्हणाली, "सावकाश चालव ना."

दुसऱ्या दिवशी रविवार, कॉलेज रिकामं. रक्तावरची निवळ घेऊन तिनं सगळं पहिल्यापासून केलं. सूक्ष्मदर्शकाखाली आधी विराजची काच ठेवली. पेशींच्या कडांना छान तपकिरी रंग धरला होता. प्रयोग जमला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला तो फसायला हवा होता.

मग तिनं ओवीची काच ठेवली. ती इकडून तिकडं सरकवली, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं.

रमाकांत दारात येऊन उभा राहिला. "चढला का रंग?"

"विराजच्या काचेवर चढला," मालती म्हणाली.