इनक्युबेटरला दसऱ्याची सुट्टी

गोटीरामांचा हिशेब सरळ होता. दसऱ्याला हत्यारं पुसायची, झेंडूची माळ घालायची आणि बंद ठेवायची. मग तो शेतातला पंप असो, नाहीतर लेकीच्या प्रयोगशाळेतलं पेशी ऊबदार ठेवणारं कपाट. आदल्या संध्याकाळी ते संस्थेच्या पूजेला झेंडू पोचवायला आले, कपाटाला माळ घातली, हात जोडले आणि बटण बंद करून गेले.

सकाळी तेजस्विनीने दार उघडलं. आतल्या मूलपेशी गारठल्या होत्या. तिची अख्खी पीएचडी त्या एका बशीत होती.

"बापू, बटण का बंद केलं?" तिने फोनवर विचारलं.

"आगं, वरीसभर राबतंय ते. येक दिस इसावा नको?"

फोन कानाला तसाच ठेवून तिने बटण लावलं.

"फेकून दे," मार्गदर्शक पल्लवी मॅडम म्हणाल्या. "त्या आता भलतंच काहीतरी व्हायला लागल्या असतील."

"नसतील."

"पेशी हट्ट करत नाहीत, तेजस्विनी."

"माझ्या करतात."

"संध्याकाळी बशी कचऱ्यात दिसली पाहिजे. आणि ती माळ काढ तिथून, बुरशी येईल."

मूलपेशी म्हणजे अजून काहीच न झालेली पेशी. हृदय, मेंदू, कातडी, सगळ्यांची जनुकं तिच्यात असतात. त्यातली कित्येक नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला अडकलेल्या गाड्यांसारखी, इंजिन चालू आणि जाणं कुठेच नाही. त्यांना अडवून धरणारी मोजकी प्रथिनं एकमेकांची जनुकं चालू ठेवतात. एकाने हात सोडला की बाकीचीही ढेपाळतात, गाड्या सुटतात. त्या प्रथिनांपैकीच एकाच्या जनुकाला तेजस्विनीने दिवा जोडला होता. ते वाचलं जातंय तोवर पेशी हिरवी चमकणार. म्हणजे हिरवा दिवा, तर गाड्या जागेवर. नाशिककरांना यात नवल वाटायचं कारण नाही.

दुपारपर्यंत ती कपाटाला पाठ लावून बसली, कुणी बशी उचलू नये म्हणून. मग बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, पाहिली आणि मॅडमना हाक मारली.

"मला काही बघायचं नाहीये. बसून बोलू," म्हणत मॅडम आपल्या खुर्चीकडे वळल्या. खुर्चीला झेंडूची माळ होती.

"हे काय?"

"तिथून काढ म्हणालात. काढली. आज हिला विसावा."

खोलीत बसायला दुसरं एकच स्टूल, सूक्ष्मदर्शकापुढचं. मॅडम थोडा वेळ ताठ उभ्या राहिल्या. मग बसल्या. बसल्यावर डोळा लावण्याशिवाय करण्यासारखं काही नव्हतं.

"सगळं मेलंय," त्या म्हणाल्या.

"कडेला बघा."

मॅडमनी बशी सरकवली; कडेला हिरवं काहीतरी चमकलं.

"एवढासाच पुंजका?"

"एवढासाच. पण काही व्हायला तयार नाही."

मॅडमनी डोळा काढला नाही. "यांच्यासाठी नवी बशी आण," त्या म्हणाल्या.