म्हशीची खुंटी

लेथ मशीननं बाळासोच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, त्याला तीन महिने झाले होते. तेव्हापासून शिवाजी पेठेतल्या घरात त्याला कुणी पाण्याचा तांब्या उचलू देत नव्हतं. भाकरीसुद्धा बायको कुस्करून द्यायची. मायाच ती, पण असल्या मायेनं चांगला माणूस लुळा होतो. मालकाचा निरोप आला होता : सोमवारी कामावर ये, नाहीतर 'नाही' म्हणून सांग. बाळासोनं मनात 'नाही' ठरवून टाकलं होतं.

अशात, चौऱ्याहत्तर सालच्या माघात, म्हशीवाला आकाराम आणि बकरी कापणारा मौला दारात येऊन उभे राहिले. दोघं त्याचे लहानपणापासूनचे दोस्त.

"ऊठ. विजयदुर्गच्या खाडीत मासं धराय जायाचं हाय," आकाराम म्हणाला. "न्हाई म्हटलास तर खाटंसकट न्हेतो."

खाडीवर मौलाच्या ओळखीच्या ज्ञानूनं आपली होडी दोन दिवसांसाठी दिली. त्याचं पोट त्या होडीवर, तरी दिली. तिघं वल्हवत लांब गेले. गावाचा मागमूस नव्हता. एका वाळूच्या पट्ट्यावर त्यांनी पाल ठोकलं. पाण्याच्या कडेला आकारामनं, गोठ्यात म्हशीला ठोकतात तशी, खुंटी ठोकली आणि होडीचा दोर बाळासोच्या अंगावर फेकला.

"बांध की लेका, बघतोस काय!"

बाळासोनं डाव्या हातात दोर धरून, उजव्याच्या तीन बोटांनी आणि दातांनी गाठ मारली.

गळाला मासे चांगले लागले. "आज माजी सुरी बेकार. माशाला हलाल कराय मुल्ला लागत न्हाई," मौला म्हणाला. तांबडा रस्सा ओरपून तिघं दुपारचे आडवे झाले.

जागे झाले तेव्हा पाणी पालाला टेकलं होतं, खुंटीची जागा पाण्याखाली गेली होती आणि होडी गायब. त्यांच्या गावची पंचगंगा वर्षातनं एकदा, पावसाळ्यात चढते. दिवसातनं दोनदा चढणारं पाणी या शहाण्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

बाळासोच्या तोंडचं पाणी पळालं. "माजी गाठ सुटली," तो म्हणाला. "ज्ञानूला बुडवला मी. ह्या हातानं आता कायबी हुत न्हाई."

तिघं काठाकाठानं, चिखल तुडवत, खाडीच्या आतल्या अंगाला निघाले. भरतीनं नेली असेल तर तिकडंच. तोवर पाणी उलटं फिरून समुद्राकडं धावू लागलं होतं.

वळणापलीकडं होडी दिसली. ओहोटी तिला ओढत होती आणि दोर तट्ट ताणला होता. उपटलेली खुंटी काठावरल्या कांदळाच्या झाडांच्या मुळ्यांत आडवी अडकली होती आणि खुंटीवर बाळासोची गाठ होती तशीच होती. ती सुटती, तर होडी समुद्रात जाती.

आकारामनं कपाळाला हात लावला. "खुंटी माजी उपटली की रं! म्हशीची अक्कल वापरली मी."

त्यांनी होडी ओढून घेतली. आकारामनं दहा बोटांनी गाठ सोडायला घेतली. नख मोडलं, गाठ हलली नाही. मौलानं सुरी काढली.

"थांब," बाळासो म्हणाला. त्यानं दात लावले, तीन बोटांनी पीळ उलगडला आणि गाठ सोडली.

"आकारामा," तो दोर गुंडाळत म्हणाला, "सकाळी दोर माज्याकडंच का टाकलास?"

आकाराम गोंधळला. "का म्हंजे? तू जवळ हुतास. बोटांचं माज्या ध्यानातच न्हवतं बग."

बाळासोचे डोळे भरून आले. तीन महिन्यांत त्याच्यावर एवढे उपकार कुणी केले नव्हते.

"सोमवारी मला कामावर जायाचं हाय," तो म्हणाला. "रविवारच्या गाडीनं सोडा."