बुटकी मेणबत्ती

माझा आवाज मोठा आणि राग नाकाच्या शेंड्यावर, म्हणून पोरं मला तोफ म्हणतात. म्हणू देत. माझ्या विज्ञानाच्या तासाला निदान कोणी पेंगत नाही.

त्या दिवशी काचेच्या बरणीत दोन मेणबत्त्या पेटवल्या, एक बुटकी, एक उंच. तळाशी खाण्याचा सोडा होताच. त्यावर कडेने व्हिनेगर सोडलं. फसफसलं आणि आधी बुटकी विझली. मी सांगितलं, हा कार्बन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. दिसत नाही, कळत नाही. दारूच्या कारखान्यात टाकीत रस आंबतो, तेव्हाही हाच निघतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरची मुकी उभी राहिली. मुकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. वडील गेल्यापासून ती वर्गात तोंड उघडत नव्हती, म्हणून पोरांनी ठेवलेलं. वडील अशाच कारखान्यात टाक्या धुवायचे. टाकीतच मेलेले सापडले. अंगाला दारूचा वास होता. झालं, पिऊन पडला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. घरात त्यांचा फोटोसुद्धा लावला नव्हता.

"बाई," ती म्हणाली, "टाकीचा तळ घासायला वाकावं लागतं."

 

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती आईला घेऊन आली. आईने आल्या आल्या सुनावलं, पोरीने डोकं खाल्लं म्हणून आले, गेलेल्या माणसाचं आता काय उकरायचं? मला राग चढलाच, पण गिळला. बरणी पोरीपुढे सरकवली. सगळं तिनेच केलं, टाकीतल्या वायूचंही तिनेच सांगितलं. बुटकी विझली.

"म्हणजे हे प्यायले नव्हते?" आईने मला विचारलं.

पोर माझ्याकडे बघत होती. हो म्हणायला माझं काय जात होतं? पण खोटं शिकवायला मी उभी राहत नाही.

"ते ही बरणी सांगू शकत नाही, ताई. पण थेंबभरही न घेतलेला माणूस तिथे वाकला असता, तरी उठला नसता."

आईने काडी ओढली आणि बुटकी पुन्हा पेटवायला हात बरणीत घातला. काडी तिथल्या तिथे विझली. दुसरीही विझली. मग ती बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली. हे कधी पीतच नव्हते, म्हणाली, मला माहीत होतं, तरी लोक बोलले तेव्हा मी गप्प बसले.

मुकीने बरणी उचलून बाजूला ठेवली.

"आई, बाबांचा फोटो कुठे आहे?"

"ट्रंकेत, तळाशी," आई म्हणाली. "चल, वर काढू."