उंदराने खाल्लेल्या तीन ओळी

मित्रांनो, मी एक जुनं वाचनकार्ड आहे, आणि अकरा वर्षं माझ्यापुढे एकही मूल नापास झालं नव्हतं. फुगवायला मला छाती नाही, पण प्लॅस्टिकखाली हवेचा एक फुगा राहून गेलाय, तेवढा पुढे करून सांगतो. पूर्वी हे मी मोठ्याने सांगायचो. हल्ली आवाज खाली घेतो. का, ते ऐका.

माझा जन्म शाळेच्या ऑफिसात झाला. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, एका तहानलेल्या शेळीची नऊ ओळींची गोष्ट लिहिली. क्लार्कने ती टाइप केली, प्लॅस्टिकमध्ये घालून गरम यंत्रातून काढली, की झालो मी तयार. काम साधं होतं. दर तीन महिन्यांनी पहिली ते तिसरीच्या मुलांनी मला एकेक करून वाचायचं. जो अडखळेल त्याला आधारवर्गात बसवायचं. तिथे जागा बारा. रोज एक तास बाई शेजारी बसून वाचायला शिकवणार. अडलेलं मूल लवकर हेरायचं आणि लगेच हात द्यायचा, कारण चौथीपासून हा तास नाही. कल्पना सोन्यासारखी होती, आजही माझं हेच मत आहे.

घोळ केला रांगेने. परीक्षेचं टेबल व्हरांड्यात, आणि रांग थेट टेबलाला चिकटलेली. पुढचं मूल वाचायचं, मागची सगळी ऐकायची. शेवटच्या मुलाची पाळी येईपर्यंत माझी शेळी सदतीस वेळा विहिरीवर जाऊन आलेली असायची. शिवाय दर वेळी कार्ड मीच. "कार्ड बदललं तर निकालाची तुलना कशाशी करायची?" असं मोठ्या बाई विचारायच्या. कुणी अडखळतच नसल्यामुळे आधारवर्गात मोडकी बाकं रचून ठेवली होती.

रांगेत शेवटी नेहमी एकच मुलगी असायची. सगळे तिला बारकी म्हणायचे. "तू हो पुढे, मला कुठे घाई आहे," असं म्हणत ती प्रत्येकाला वाट करून द्यायची. प्रगतिपुस्तकात शेरा पडला, 'स्वभावाने नम्र'. माझ्यापुढे आली की घडाघडा वाचायची. मला वाटायचं, पोरगी कशी चुणचुणीत आहे बघा. तिचे डोळे अक्षरांवर नसून माझ्या फुग्यावर आहेत, हे मला कळायला हवं होतं. पण स्तुती चालू असली की कागदालाही काही दिसत नाही.

ती तिसरीत गेली त्या सुट्टीत कपाटात उंदीर शिरला आणि माझ्या खालच्या तीन ओळी खाऊन गेला. कुणी पाहिलंच नाही. परीक्षा घ्यायला या वेळी नव्या बाई होत्या, शाळेत महिनाभरापूर्वीच आलेल्या. वाचता येणारी मुलं सहाव्या ओळीपर्यंत आली आणि थांबली.

"बाई, पुढे नाहीये."

"पुढे काय दिसतंय?"

"पुढे दात आहेत, बाई."

एकामागून एक सदतीस मुलं विहिरीच्या काठावर थांबली. मग बारकी आली. तिने सहा ओळी वाचल्या, नसलेल्या तीनही वाचल्या, आणि शेळीला पाणी पाजून घरी आणून बांधलं.

फॉर्मवर दोनच चौकोन होते, 'गोष्ट पूर्ण' आणि 'गोष्ट अपूर्ण'. सदतीस मुलं अपूर्ण ठरली. त्यातली पहिली बारा आधारवर्गात नव्या बाईंकडे गेली आणि तिथे जाडजाड पुस्तकं वाचत बसली. बारकी शाळेत पहिली आली.

नव्या बाईंनी तिला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि माझ्यावरच्या एका शब्दावर बोट ठेवलं. "हा वाच बरं."

बारकीने बोटाकडे बघितलं. "सुरुवातीपासून म्हणू का, बाई? मधूनच नाही येत मला."

बाई त्यानंतर थेट ऑफिसात गेल्या. "तिला आधारवर्गात घ्या. तिला वाचता येत नाही."

"शाळेत पहिली आलेली मुलगी?" मोठ्या बाई म्हणाल्या. "लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

शेवटी ठरलं की नवं कार्ड करायचं, बाहेरून निरीक्षक बोलवायचे आणि फेरपरीक्षा घ्यायची. त्यानंतर आधारवर्गाची यादी वर्षभर बंद.

बारकीची आई लाँड्रीत इस्त्रीला होती. नव्या बाई मला घेऊन तिथे गेल्या. त्यांचं बोलणं ऐकून तिने इस्त्री उभी केली. "दोन वर्षं तुम्हीच लिहून देताय, वाचन उत्तम. आता म्हणता येत नाही. मग इतके दिवस तुम्ही काय वाचत होता?"

 

इकडे मोठ्या बाईंना शाळेच्या नावाची काळजी. त्यांनी नव्या कार्डावरची गोष्ट आठवडाभर रोज सकाळी माइकवरून वाचून घेतली. सरावासाठी. आणि मी? शिपाईकाकांनी माझी घडी करून परीक्षेच्या टेबलाच्या आखूड पायाखाली सारली. टेबल आता डुगडुगत नाही, हे माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं काम.

परीक्षेच्या दिवशी बाई बारकीजवळ खाली वाकल्या. "जिथे येत नाही तिथे थांब. थांबलीस की माझ्या वर्गात."

"सगळे हसतील."

"हसू देत. मी नाही हसणार."

बारकीने मान हलवली. मग आधारवर्गाची घंटा झाली आणि बाईंना जावं लागलं.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. उंदराने मला आणखी आधी खाल्लं असतं तर बरं झालं असतं. एवढंच सांगतो, कुणी फार घडाघडा वाचत असेल तर मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा. आणि ते मूल थांबलं तर रागावू नका, त्याच्याजवळ बसा.

निरीक्षक आले, त्यांनी कागद टेबलावर टाकले, खुर्ची ओढली. "तूच का ती पहिली आलेली? चल, होऊन जाऊ दे."

मला खालून बारकीची फक्त पावलं दिसत होती. तिने अंगठे आत वळवले, थोडा वेळ थांबली आणि वाचायला लागली. एकेचाळीस सेकंदांत गोष्ट पूर्ण झाली. निरीक्षकांनी चौकोनात खूण केली आणि यादी बंद झाली. नवं कार्ड टेबलावरून घसरून माझ्याशेजारी जमिनीवर पडलं होतं. बारकीचा हात खाली आला, त्यातल्या कागदावर पाण्याची टाकी धुण्याची सूचना होती.